व्यंगचित्रपटांतील एक गुरुपरंपरा

कांहीं विद्या ग्रंथांत राहतात, तर कांहीं माणसांच्या हातांत राहतात. ग्रंथांतील विद्या शंभर वर्षें धूळ खात पडली, तरी एखादा जिज्ञासु ती पुन्हां उघडून वाचूं शकतो. हातांतील विद्येचें तसें नाहीं. ज्यांच्या हातांत ती असते, त्यांच्याबरोबरच ती जाते. गवयांच्या घराण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट विस्तारानें सांगावयास नको. एखादी अनवट चीज शिष्याच्या गळ्यांत उतरली नाहीं, म्हणजे ती बुवांच्या मागें उरत नाहीं. विसाव्या शतकांत, यंत्रयुगाच्या ऐन भरांत, अमेरिकेंतील एका अगदीं नव्या कलेवर नेमका हाच प्रसंग आला होता. ती कला म्हणजे व्यंगचित्रपटांची, ज्यांना लहानथोर सर्वजण कार्टून म्हणतात त्यांची. या कलेचा बराचसा ठेवा ज्याच्या खटपटीमुळें पुढील पिढीच्या हातीं लागला, तो कोणी विद्यापीठांतील पंडित नव्हता. लहानपणीं कार्टुनांच्या नादीं लागलेला एक चाहता होता. त्याचें नांव रिचर्ड विल्यम्स. त्याच्या आयुष्याची कथा ही छंदाचा व्यवसाय कसा होतो याची कथा आहे. आणि त्या व्यवहारांत छंदाला काय किंमत द्यावी लागते, याचीहि आहे.

प्रथम या कलेची मूळ अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदांत २४ चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० चित्रें झालीं. पुष्कळदां एकच चित्र दोनदां टिपून निम्मी मेहनत वांचवितां येते. तरीहि मिनिटाला ७२० चित्रें हातानें काढावीं लागतातच. परंतु चित्रांची ही संख्या म्हणजे खरी अडचण नव्हे. ती अडचण आहे दोन चित्रांमधील अंतरांत. भिंतीवरून खालीं टाकलेला चेंडू घ्या. तो समान अंतरांवर काढला, तर पडद्यावर तो पडत नाहीं, दोरीनें ओढल्यासारखा सरकतो. वर त्याचीं चित्रें जवळ जवळ आणि जमिनीकडे लांब लांब काढलीं, तरच त्याला वजन येतें. जी गोष्ट चेंडूची, तीच चालणाऱ्या माणसाची, उडणाऱ्या पदराची आणि रडूं आवरणाऱ्या चेहऱ्याची. हें अंतर कोठें किती ठेवावयाचें, हें फूटपट्टीनें मोजून ठरत नाहीं. तें जाणत्याच्या शेजारीं बसून, त्यानें खोडलेल्या रेघा पाहूनच कळतें.

ही जाण मुख्यतः १९२८ ते १९४१ या काळांत, कॅलिफोर्नियांतील कांहीं स्टुडिओंत तयार झाली. तिचें सर्वांत मोठें गुरुकुल म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा स्टुडिओ. १९२८ सालीं मिकी माऊसचा बोलपट निघाला, आणि पुढील कांहीं वर्षांत देशोदेशींच्या चित्रगृहांतून या उंदराचे चाहते उत्पन्न झाले. अमेरिकेंत तर मुलांच्या मिकी माऊस मंडळ्या निघून शनिवारीं दुपारीं त्यांचे खेळ होऊं लागले. परंतु पडद्यावर प्रायः एकच नांव झळके, तें डिस्ने यांचें. प्रत्यक्ष चित्रें काढणाऱ्यांचीं नांवें प्रेक्षकांना ठाऊक नव्हतीं.

त्या अनामिकांपैकीं एक होते आर्ट बॅबिट. १९३२ सालीं ते डिस्ने स्टुडिओंत आले. आपल्या सोबत्यांचें रेखांकन कच्चें आहे हें ध्यानीं येऊन त्यांनीं स्वतःच्या घरीं रात्रीं वर्ग सुरू केले. समोर जिवंत माणूस बसवून सर्वांनीं चित्रें काढावयाचीं, असा त्यांचा क्रम होता. ही बातमी डिस्ने यांच्या कानीं गेली. त्यांनीं तो उपक्रम स्टुडिओंतच आणला आणि त्याच वर्षीं डॉन ग्रॅहम या शिक्षकाची त्यावर योजना केली. या शिक्षणाचें फळ १९३७ च्या डिसेंबरांत दिसलें. ‘स्नो व्हाइट’ या पूर्ण लांबीच्या चित्रपटावर सुमारें १५ लक्ष डॉलर खर्च झाला होता, आणि तेवढा पैसा बुडणार असें भाकीत पुष्कळांनीं केलें होतें. चित्रपटानें तें खोटें पाडलें. त्यांतील दुष्ट राणीच्या हालचाली बॅबिट यांच्या हातच्या होत्या. स्नो व्हाइटच्या कितीतरी प्रसंगांमागें ग्रिम नॅटविक यांचा हात होता. या नॅटविकांनीं १९३० सालीं न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओंत असतांना ‘बेटी बूप’ ही जगप्रसिद्ध छबकडी रेखाटली होती. तत्पूर्वीं व्हिएन्नास जाऊन ते चित्रकला शिकून आले होते.

जेथें काम प्रेमानें होतें, तेथें पगाराची गोष्ट काढणें पुष्कळदां अप्रशस्त मानलें जातें. डिस्ने स्टुडिओंतहि तसेंच झालें. १९४० सालीं निघालेल्या ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेझिया’ या चित्रपटांवर भरमसाट खर्च झाला. युद्धामुळें युरोपचा बाजार बंद पडला, आणि पैशाची चणचण भासूं लागली. पगारांत विलक्षण तफावत होती. बक्षिसीचा नियम कोणासहि नीट उमगत नसे. पडद्यावर नांव यावें ही साधी इच्छाहि पुरी होत नसे. बॅबिट स्वतः चांगल्या पगाराचे कलावंत होते. तरीहि रेघा गिरविणाऱ्या व रंग भरणाऱ्या सोबत्यांच्या बाजूनें ते उभे राहिले. १९४१ च्या मे महिन्यांत त्यांना कामावरून काढलें, आणि लगोलग संप झाला. शेंकडों कामगार स्टुडिओच्या दाराशीं उभे राहिले. संपाचा निकाल युनियनच्या बाजूनें लागला, परंतु मनें दुभंगलीं तीं दुभंगलींच. कित्येक कुशल कलावंत हळू हळू बाहेर पडले. बॅबिटहि कायद्याच्या जोरावर परत आले खरे, परंतु त्या घरांत त्यांना पुन्हां घरपण लाभलें नाहीं. पुढें ते कायमचे बाहेर पडले.

यानंतरचीं वीस वर्षें या कलेच्या ओहोटीचीं होत. टेलिव्हिजन आला. चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वीं सात-आठ मिनिटांचें कार्टून दाखविण्याची चाल मागें पडली. एम्. जी. एम्. कंपनीनें आपला कार्टून-विभाग १९५७ सालीं बंद केला. वॉर्नर बंधूंचा १९६३ सालीं बंद झाला. डिस्ने स्टुडिओंतहि १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’नंतर पुष्कळांना निरोप मिळाला. टेलिव्हिजनला स्वस्त आणि भराभर होणारें काम हवें होतें. त्यांत पात्र उभें राही, त्याचें तोंड तेवढें हाले. ज्यांनीं माणसाच्या श्वासोच्छ्वासाचाहि अभ्यास केला होता, ते कलावंत आतां साबणाच्या आणि न्याहारीच्या जाहिराती करूं लागले, किंवा घरीं बसले. मात्र याच टेलिव्हिजनवर जुनीं कार्टूनें पुन्हां पुन्हां लागत, आणि तीं पाहून एक नवा चाहतावर्ग वाढत होता. जीं चित्रें बाजारानें जुनीं म्हणून टाकलीं होतीं, त्यांत हीं मुलें अमक्या हाताची रेघ कोणती आणि तमक्याची कोणती हें ओळखूं पाहत होतीं.

रिचर्ड विल्यम्स त्यांच्याहि थोडा आधींचा. कॅनडांतील टोरोंटो येथें १९३३ सालीं त्याचा जन्म झाला. आई पुस्तकांसाठीं चित्रें काढी. पांचव्या वर्षीं त्यानें ‘स्नो व्हाइट’ पाहिला, आणि त्या दिवसापासून त्याच्या मनानें एक गोष्ट घेतली. बहुतेक मुलांना पडद्यावरील बुटके खरे वाटत. या मुलाला ते कोणीतरी काढले आहेत ही गोष्ट अधिक अद्भुत वाटे. पंधराव्या वर्षीं, म्हणजे १९४८ च्या सुमारास, तो टोरोंटोहून बसगाडीनें निघाला. कित्येक दिवसांचा प्रवास करून तो कॅलिफोर्नियांत पोंचला, तो डिस्ने स्टुडिओच्या दारावर. अशीं वेडीं मुलें तेथें नेहमींच येत असतील. परंतु या मुलाची चिकाटी पाहून त्याला आंत प्रवेश मिळाला. तेथें त्याला जो उपदेश मिळाला, तो मात्र त्याच्या अपेक्षेचा नव्हता. आधीं चित्र काढावयास शीक. हलविण्याचें मागाहून पाहतां येईल, अशा अर्थाचें एका जाणत्या कलावंतानें त्याला सांगितलें.

तो उपदेश त्यानें इतका मनावर घेतला कीं, कार्टूनचें वेडच कांहीं काळ सुटलें. रेम्ब्रांटचीं चित्रें पाहून त्याला वाटलें कीं, चित्रकला म्हणजे ही. बाकी सारा पोरखेळ. तो स्पेनमध्यें जाऊन राहिला आणि चित्रें रंगवूं लागला. परंतु तेथें गंमत अशी झाली कीं, रंगविलेलीं माणसें त्याच्या मनांत हालूं लागलीं. १९५५ सालीं तो लंडनला आला. जाहिरातींचीं कामें करून पोट भरावयाचें आणि उरल्या वेळांत स्वतःचा चित्रपट काढावयाचा, असा क्रम त्यानें आरंभिला. साडेतीन वर्षें खपून त्यानें ‘द लिटल आयलंड’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट पुरा केला. सत्य, शिव आणि सुंदर या तीन कल्पनांचे तीन पुतळे एका बेटावर अडकून पडतात आणि एकमेकांशीं भांडतात, असा त्याचा विषय. चित्रपटांत संवाद नाहींत. त्याला ब्रिटिश अकॅडमीचें पारितोषिक मिळालें. २५-२६ वर्षांच्या तरुणाला याहून अधिक काय हवें ?

येथेंच विल्यम्सचा वेगळेपणा दिसतो. पारितोषिक हातांत असतांना त्याला आपलें अज्ञान जाणवूं लागलें. आपल्या कल्पना मोठ्या आहेत, परंतु आपलीं माणसें चालत नाहींत, नुसतीं सरकतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. १९६७ सालीं डिस्ने स्टुडिओचा ‘द जंगल बुक’ निघाला. त्यांतील शेरखान या वाघाची चाल पाहून तो चित्रगृहाबाहेर आला, तो पार खचून. इतक्या वर्षांच्या कामानंतर आपण अद्यापि बाराखडींतच आहों, असें त्याला वाटलें. शेरखान काढणारे कलावंत मिल्ट काल यांना त्यानें पत्र लिहिलें. तें एका स्टुडिओच्या मालकाचें पत्र नव्हतें, एका भारावलेल्या चाहत्याचें होतें. काल यांची भेट झाल्यावर त्यानें त्यांना विचारलें कीं, काम करतांना आपण संगीत ऐकतां काय ? त्यावर काल उसळले. एका वेळीं एकाहून अधिक गोष्टींचा विचार करण्याइतकी बुद्धि आपल्याला नाहीं, असें त्यांनीं सुनावलें. विल्यम्सनें हा आपला पहिला धडा मानला, आणि पुढें ग्रंथ लिहितांना तो अगदीं आरंभीं घातला.

त्याच सुमारास विल्यम्सला केन हॅरिस लाभले. १८९८ चा जन्म. वॉर्नर बंधूंच्या स्टुडिओंत चक जोन्स यांच्या हाताखालीं त्यांची हयात गेली होती. वाळवंटांत त्या चपळ पक्ष्यामागें धांवणारा आणि कड्यावरून कोसळणारा तो दुर्दैवी कोल्हा जगानें पाहिला आहे. त्याच्या पुष्कळशा धांवा हॅरिस यांच्या हातच्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या गृहस्थांना विल्यम्सनें लंडनला आणलें. व्यवहारांत विल्यम्स मालक आणि हॅरिस नोकर. प्रत्यक्षांत मालक नोकराच्या पायाशीं बसे. विल्यम्सनें दृश्य आंखावें, हॅरिसनीं तें हलवावें, आणि मग विल्यम्सनें त्यांचे कागद घेऊन रात्रीं एकेक पान उलटून पाहावें. आपल्या शिष्याचा डोळा डौलदार आकृतींत अडकून पडतो, आणि हालचाल ही निराळीच वस्तु आहे, हें या वृद्धानें त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलें. तें निराळेपण कळावयास कित्येक वर्षें लागलीं.

उदाहरणार्थ, चालण्याचीच गोष्ट. नवशिका दोन्ही पाय फांकलेलीं दोन चित्रें काढतो आणि मधली जागा सारख्या हिश्श्यांनीं भरतो. तें माणूस तरंगतें. खरें पाहतां चालणें म्हणजे पुढें पडणें आणि वेळेवर सांवरणें. पाऊल टेकल्यानंतर अंगाचा भार जेव्हां त्या पायावर येतो, तेव्हां गुडघा वाकतो आणि सबंध देह खालीं येतो. मग मागचा पाय पुढें निघतो आणि देह वर चढतो. या खालच्या आणि वरच्या जागा कोठें ठेवल्या, यावर तें माणूस थकलेलें आहे, तोऱ्यांत आहे, कीं कोणाची चाहूल घेत आहे, हें ठरतें. साध्या चालींतील एक पाऊल १२ चित्रांचें, म्हणजे अर्ध्या सेकंदाचें. एवढ्याशा अवकाशांत स्वभाव दाखवावयाचा ! हॅरिस हें हिशेब मांडून सांगत नसत. ते काढून दाखवीत.

एक गुरु मिळाल्यावर विल्यम्सनें इतरांचा शोध आरंभिला. ग्रिम नॅटविक ऐशीं ओलांडून गेले होते; त्यांनाहि त्यानें लंडनला आणलें. नॅटविकांच्या मतें या कलेचें सार दोनच गोष्टींत होतें : केव्हां हलावयाचें आणि दोन चित्रांत अंतर किती ठेवावयाचें. १९७३ सालीं आर्ट बॅबिट आले. सोहो चौकांतील स्टुडिओंत त्यांनीं महिनाभर व्याख्यानें दिलीं, आणि विल्यम्सचे तरुण सहकारी वह्या घेऊन समोर बसले. बत्तीस वर्षांपूर्वीं ज्यांना संपापायीं काढण्यांत आलें होतें, ते बॅबिट आतां आपला सारा अनुभव उघडा करून सांगत होते. हात हलतांना सगळे सांधे एकदम वळत नाहींत. आधीं खांदा, मग कोपर, मग मनगट, असे ते एकामागून एक मोडतात, आणि या क्रमानेंच सरळ रेघांतून वळणदार गति उत्पन्न होते, हें त्यांचें एक प्रसिद्ध सूत्र. ज्यांनीं तो वर्ग केला, त्यांच्या टिपणांच्या नकला हातोहात फिरल्या आणि समुद्रापलीकडेहि गेल्या. विल्यम्सच्या हाताखालीं वाढलेल्या एरिक गोल्डबर्ग यानें पुढें डिस्नेच्या १९९२ च्या ‘अलादीन’ चित्रपटांतील दिव्यांतला राक्षस हलविला.

हा सगळा थाट जाहिरातींवर चाले. विल्यम्सच्या स्टुडिओनें शेंकडों जाहिरातपट केले, आणि मोठमोठ्या चित्रपटांच्या नामावलीचीं चित्रेंहि केलीं. डिकन्सच्या ‘ख्रिसमस कॅरोल’ या गोष्टीवर त्यानें केलेल्या लघुपटाला १९७३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांतील चिक्कू म्हातारा हॅरिस यांनीं काढला होता. परंतु जाहिरातींतून येणारा पैसा विल्यम्स बँकेंत ठेवीत नसे. तो एका भल्या मोठ्या चित्रपटांत जाई. १९६४ च्या सुमारास मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींवर हें काम सुरू झालें होतें. पुढें त्या गोष्टींच्या हक्कदारांशीं संबंध तुटले. कथा बदलली, नांव बदललें, आणि शेवटीं तें ‘द थीफ अँड द कॉब्लर’, म्हणजे चोर आणि मोची, असें स्थिर झालें. पौर्वात्य लघुचित्रांच्या धर्तीवर त्याचें रेखांकन होतें. सेकंदाला पुरीं २४ निराळीं चित्रें, तीं देखील नक्षीच्या फरशा आणि भूलभुलय्यासारखे जिने सांभाळून ! केन हॅरिस १९८२ सालीं वारले; त्यांनीं काढलेल्या चोराच्या लकबी या चित्रपटांत राहिल्या. वृद्ध गुरूंचे हात चालते आहेत तोंवर त्यांचें उत्तम काम एका जागीं गोळा करून ठेवावें, हाच जणुं या चित्रपटाचा खरा हेतु होता.

मग १९८८ सालीं ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ हा चित्रपट निघाला. त्यांत हाडामांसाचे नट आणि कागदावरचा ससा एकाच खोलींत वावरतात, एकमेकांस ढकलतात, एकमेकांच्या सांवल्या अंगावर घेतात. तोंपर्यंतचा संकेत असा होता कीं, अशा मिश्र दृश्यांत कॅमेरा स्थिर ठेवावा, नाहींतर चित्राचा आणि नटाचा मेळ बसत नाहीं. विल्यम्सनें तो संकेत झुगारला. कॅमेरा हवा तसा फिरवा, आम्ही प्रत्येक चित्र त्याप्रमाणें वळवूं, अशी त्यानें हमी दिली, आणि ती हातानें पाळली. या कामाबद्दल १९८९ सालीं त्याला ऑस्करचें खास पारितोषिक मिळालें. बसगाडींतून आलेला मुलगा व्यवसायाच्या शिखरावर पोंचला होता.

या यशामुळें ‘चोर आणि मोची’साठीं हॉलिवूडचा पैसा मिळाला; परंतु त्या पैशाबरोबर तारीखहि आली. ठरल्या वेळेंत चित्रपट पुरा न झाल्यास तो ताब्यांत घेण्याचा अधिकार हमीदार कंपनीला होता. पंचवीस वर्षें ज्यानें घड्याळ पाहिलें नव्हतें, त्याला आतां आठवड्याचा हिशेब द्यावा लागला. विल्यम्सनें पुरीं झालेलीं दृश्यें पुन्हां काढलीं, पसंत न पडलेलें काम परत धाडलें, सहकाऱ्यांना रात्री-अपरात्रीं राबविलें. तो स्वतःहि तितकाच राबत होता, हें खरें. परंतु ज्याच्यावर प्रेम जडलें आहे त्यानें राबणें निराळें, आणि त्याच्या प्रेमासाठीं दुसऱ्यानें राबणें निराळें. १९४१ सालीं बॅबिट ज्या प्रश्नासाठीं स्टुडिओच्या दाराशीं उभे राहिले होते, तो प्रश्न त्यांच्या शिष्याच्या स्टुडिओंतहि पुरता सुटला नव्हता. १९९२ च्या मे महिन्यांत हमीदारांनीं चित्रपट काढून घेतला. सुमारें पंधरा मिनिटांचें काम राहिलें होतें. तें इतरांनीं घाईनें पुरें केलें. मधूनमधून गाणीं घातलीं. मुक्या पात्रांच्या तोंडीं बोलणीं कोंबलीं. १९९३ आणि १९९५ सालीं तो चित्रपट वेगवेगळ्या नांवांनीं निघाला, आणि फारसा कोणी पाहिला नाहीं.

या प्रकरणाचा न्याय कसा करावा ? पैसा लावणाऱ्यांस अरसिक म्हणून मोकळें होणें सोपें आहे; परंतु शब्द दिलेला होता, आणि तो विल्यम्सनें मोडला होता. उलट, घड्याळाप्रमाणें चालला असता तर त्यानें म्हाताऱ्या गुरूंना लंडनला आणलेंच नसतें, कारण त्यांतहि हिशेबाच्या दृष्टीनें तोटाच होता. चाहत्याचें प्रेम ज्याला बाजार टाकून देतो त्याला जपतें. हें त्याचें बळ आहे. परंतु पुरें कधीं म्हणावें हें त्याला कळत नाहीं, आणि व्यवसाय तर पुरें म्हणण्यावरच उभा असतो. विल्यम्सच्या यशाचें आणि अपयशाचें मूळ एकच होतें.

या धक्क्यानंतर विल्यम्सनें काय केलें, हें त्याच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचें पान आहे. त्या चित्रपटाविषयीं तो बरींच वर्षें कांहीं बोलला नाहीं. तो शिकवूं लागला. देशोदेशीं जाऊन त्यानें वर्ग घेतले, आणि २००१ सालीं ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हॅरिस, काल, नॅटविक, बॅबिट यांच्याकडून जें मिळालें, तें त्यानें ज्याचें त्याच्या नांवानें सांगितलें आहे. चेंडूचीं अंतरें, पावलाच्या चार अवस्था, सांध्यांचा क्रम, सारें चित्रांसह आहे. हातांतील विद्या शक्य तितकी ग्रंथांत उतरली. पुढें यंत्रानें चित्रें हलविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली, परंतु चालण्याचें वजन यंत्राला आपोआप कळत नाहीं. म्हणून संगणकावर काम करणारे विद्यार्थीहि तोच ग्रंथ उघडून बसूं लागले.

चाहत्यांनींहि आपलें ऋण फेडलें. मूळ चित्रपटाच्या अर्धवट प्रती त्यांच्यामध्यें हस्तेपरहस्ते फिरत होत्या. त्यांवरून २००६ सालीं एका तरुण चाहत्यानें विल्यम्सच्या योजनेबरहुकूम तो पुन्हां जुळवून दाखविला. डिसेंबर १९१३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, डिसेंबर २०१३ मध्यें, अमेरिकेच्या चित्रपट अकॅडमीनें विल्यम्सच्या स्वतःच्या संग्रहांतील ती अपुरी प्रत त्याच्या उपस्थितींत दाखविली. जेथें चित्र झालें नव्हतें तेथें नुसत्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. १९१३ सालीं हिंदुस्थानांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला होता, आणि त्यांच्या नांवानेंच या विद्येचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध सुरू होतो.

फाळक्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अवकाशानें टिपून तो पडद्यावर पाहतां पाहतां वाढविला होता, आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्यें निर्जीव काड्यांना नाचविलें होतें. परंतु त्या युक्तीची शिष्यपरंपरा निर्माण झाली नाहीं. ती झाली १९५६ सालीं, आणि तीहि एका माणसाच्या येण्यानें. डिस्ने स्टुडिओंत काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकन साह्य-योजनेखालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें आले. मिशनरी आईबापांचा हा मुलगा हिंदुस्थानांतच जन्मला होता. त्यांनीं कांहीं तरुणांना हाताशीं धरून शिकविलें, आणि १९५७ सालीं जातककथेवरून ‘द बॅनियन डीअर’ हा लघुपट तयार झाला. त्या तरुणांत रसायनशास्त्राचे एक पदवीधर होते, राम मोहन. प्रयोगशाळा सोडून ते या रेघांच्या मागें लागले. १९७२ सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःची संस्था काढली. त्यांनींहि जाहिरातींवर स्टुडिओ चालविला, रामायणावरील जपानी सहकार्याच्या चित्रपटांत मोठा वांटा उचलला, आणि उतारवयांत शिक्षणसंस्था काढून नव्या मुलांना शिकविलें. २०१४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सोहो चौकांत जें घडलें, तें मुंबईंत सोळा-सतरा वर्षें आधीं, लहान प्रमाणांत, घडून गेलें होतें.

विल्यम्सनें अखेरपर्यंत पेन्सिल सोडली नाहीं. २०१५ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, त्यानें ‘प्रोलॉग’ हा सहा मिनिटांचा चित्रपट पुरा केला. प्राचीन ग्रीक योद्ध्यांचें युद्ध आणि तें पाहणारी एक लहान मुलगी, एवढाच त्याचा विषय. सारीं चित्रें त्यानें स्वतःच्या हातानें काढलीं होतीं. २०१९ च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें तो वारला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राम मोहन गेले.

घरोघरीं आज एखादें मूल पडद्यापुढें बसून कार्टून पाहतें आणि वहीच्या समासांत तींच चित्रें काढतें. त्यांतील एखाद्याच्या मनांत हाच व्यवसाय करावा असें येईल, आणि वडील माणसें काळजींत पडतील. ती काळजी अगदींच निराधार नाहीं. या धंद्यांत मेहनत फार, नांव थोडें, आणि आपल्या आवडीचा फायदा घेऊन थोडक्यांत राबविणारेहि भेटतात. विल्यम्सच्या चरित्रांतून अशा मुलाला सांगण्याजोग्या गोष्टी तीन. आधीं चित्र काढावयास शिकावें. आपल्याहून जाणता मनुष्य शोधून त्याच्या शेजारीं बसावें, मग पारितोषिकें मिळालेलीं असोत वा नसोत. आणि काम पुरें कधीं झालें, हें ठरविण्याची संवय लहानपणापासून लावून घ्यावी. यांतील पहिल्या दोन गोष्टी विल्यम्सनें जन्मभर पाळल्या. तिसरी त्याला फार उशिरा कळली, आणि तिची किंमत त्यानें आपल्या सर्वांत प्रिय चित्रपटानें चुकती केली.